न दिसणारा धूर

फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, कामाला येणारा माणूस मळखाऊ रंगाचे कपडे घालून येतो. आमचे मामा, सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा, पांढरा सदरा घालून यायचे. रोज धुतलेला, निळीत बुडवलेला, कडक वाळवलेला. कुपवाडच्या वसाहतीत सकाळच्या पाळीला दुचाक्यांची रांग लागायची, तिच्यात एकच पांढरा ठिपका असायचा. तो ठिपका म्हणजे बिडाच्या भट्टीवरचा मुख्य मिस्त्री, हे नव्या माणसाला खरं वाटत नसे. मलाही वाटलं नव्हतं. कामावरच्या पहिल्या दिवशी मी त्यांना ऑफिसातले कारकून समजले आणि हजेरीचं पुस्तक कुठं ठेवतात असं विचारलं. ते म्हणाले, "मला काय ठावं? मी भट्टीवर हाय."

संध्याकाळी पाळी सुटली की ते नळापाशी सदरा काढायचे, दोन्ही हातांनी उन्हात धरायचे आणि बघत राहायचे. खांद्यावर किती काळं, कॉलरवर किती, पाठीवर किती. मग सदऱ्याची घडी घालत कुणालाही न उद्देशून म्हणायचे, "आज बरी जळली." किंवा, "आज तिला खाणं मानवलं न्हाई."

ती म्हणजे भट्टी. कोकच्या, म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशाच्या, निखाऱ्यांवर बीड वितळवणारी, दोन मजले उंच, वरून धूर सोडणारी आमची भट्टी. मालकांच्या वडिलांनी ती उभी केली होती आणि मामांना भट्टी शिकवली तीही त्यांनीच. मामा मूळचे माण तालुक्यातले, मेंढरांमागं फिरणाऱ्या धनगर घरातले. एका दुष्काळात मेंढरं विकावी लागली आणि ते सांगलीला आले, तेव्हा भट्टी नवी होती. "आमी दोगं एकाच वर्साचे," असं ते म्हणत.

मी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथं केमिस्ट म्हणून लागले. आमच्या घरातली पहिली पदवीधर. वडील मिरजेला रेल्वेत गँगमन होते. माझा हुद्दा सांगताना ते आवाज थोडा खाली आणायचे, कुणी खोटं ठरवेल अशी भीती वाटल्यासारखे. त्या नोकरीवर आमचं घर उभं होतं, हे पुढच्या गोष्टीसाठी आत्ताच सांगून ठेवते.

मामांना कोणीही भेटलं तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. नाव नाही, गाव नाही. "घरात काय जाळता?" मलाही त्यांनी तेच विचारलं.

"रॉकेलचा स्टो आहे," मी म्हणाले.

"आन् पाणी तापवायला?"

"लाकडं."

"कशाची?"

"बाभळीची."

"बरी असती बाभळ," ते म्हणाले, आणि त्यांच्या लेखी माझी ओळख पूर्ण झाली. नंतर माझं नाव त्यांना आठवायचं नाही, पण बाभळ आठवायची.

भट्टीत हवा फुंकणारा ब्लोअर सुरू झाल्यापासून पहिला रस बाहेर येईपर्यंत ते बोलत नसत. दीड तास, कधी दोन. मालक आले तरी नाही. एकदा त्यांच्या मुलीला मुलगा झाल्याचा फोन आला, तेव्हा निरोप आणणाऱ्याला त्यांनी हाताने थांबवून ठेवलं, निळ्या काचेतून भट्टीच्या छिद्रात पाहिलं, रसाचा रंग मनासारखा दिसल्यावर "आलं" असं एकच म्हणाले, आणि मग त्याच्याकडं वळून, "बोल आता." तापमान मोजायचं यंत्र आमच्याकडं होतं. ते माझ्या कपाटात असायचं. मामांच्या डोळ्यांपेक्षा वेगळं काही ते सांगत नाही असं दोनतीनदा दिसल्यावर मी ते बाहेर काढणं सोडून दिलं.

वसाहतीच्या मागच्या कुंपणापलीकडं एक द्राक्षबाग होती. एकदा तिचा मालक काळ्या पडलेल्या घडांची पाटी घेऊन फाटकावर आला आणि मोठमोठ्यानं बोलू लागला. आमच्या मॅनेजरांनी, हे शेजारच्या कारखान्याचं असेल, असं सांगून त्याची बोळवण केली. दुसऱ्या दिवशी मामांनी जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून आणल्या आणि कुंपणावर, बागेच्या बांधावर, त्यापलीकडच्या विजेच्या खांबाला बांधल्या. आठवड्यानं सोडल्या. सगळ्या पट्ट्या माझ्या टेबलावर ओळीनं मांडून म्हणाले, "आपलंच हाय. जवळची लय काळी, लांबची कमी. शेजारच्याचं असतं तर उलटं आलं असतं." त्यानंतर त्यांनी कोक निवडण्याची, भट्टीत थर घालण्याची पद्धत बदलली. पट्ट्या मात्र कायम राहिल्या. लोक हसायचे. "मामांची धुणी" म्हणायचे.

त्या पट्ट्यांमुळंच एकदा त्यांनी मला विचारलं, "काळं ते कापडाव बसतं. पण मी पोत्यानं कोक घालतो तिच्यात. तेवढं सगळं काय कापडाव न्हाई बसत. उरलेला जातो कुठं?"

मी म्हणाले, "हवेत. पण ते दिसत नाही."

"दिसत न्हाई मग हाय कशावरनं?"

प्रयोगशाळेत माझं रोजचं काम बिडातला कार्बन मोजायचं होतं. लोखंडाचा कीस नळीत जाळायचा, निघालेला वायू काचेच्या यंत्रात घ्यायचा आणि मोजायचा. ते त्यांना दाखवून काही कळलं नसतं. मी चुना पाण्यात कालवला, वरची निवळी गाळून घेतली आणि पेल्यात ओतली. भट्टीच्या माथ्यावरून फुगवून आणलेला एक फुगा नळीला लावला आणि निवळीत सोडला. त्या न दिसणाऱ्या वायूनं पाणी दुधासारखं झालं.

मामा बघत राहिले. मग त्यांनी दुसरा पेला मागितला आणि स्वतः नळीतून फुंकर घातली. तेही पाणी दूध झालं. ते दचकले. "मी बी तेच सोडतो?"

"सगळेच सोडतात. पण तुमच्यातला वायू भाकरीतला आहे. तो यंदाच्या ज्वारीनं हवेतनंच घेतला होता, पुढच्या वर्षीची ज्वारी परत घेईल. कोळशातला कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पुरलेला होता. तो बाहेर आला की इतक्यात कुणी परत घेत नाही. साठत जातो. शास्त्रज्ञ म्हणतात, त्यानं सगळ्या जगाची हवा तापते."

ते बराच वेळ स्टुलावर बसून होते. पेल्यांतला पांढरा साका खाली बसला तरी उठले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे माझी कापडं आंधळीच की गं."

मी काहीतरी समजुतीचं बोलले असेन. त्यांचं लक्ष नव्हतं.

त्यानंतर दीडेक वर्षानं परदेशी कंपनी आली. तो काळच तसा होता. वर्तमानपत्रात रोज कुठल्या तरी परदेशी भांडवलाची बातमी असायची आणि कुपवाडच्या चहाच्या टपरीवर तिच्यावर वाद व्हायचे. कोणी म्हणायचं, आता सगळं स्वच्छ आणि चकाचक होणार. कोणी म्हणायचं, त्यांच्याकडं जे चालत नाही तेवढंच ते इथं आणणार. आमच्या कारखान्यात भागीदारी घेणारी कंपनी माल उचलायच्या गाड्या, फोर्कलिफ्ट, बनवत असे. तिला गाड्यांचे नाजूक ओतीव भाग हवे होते, आणि गाडी पुढं कलंडू नये म्हणून मागं बसवायची ओबडधोबड बिडाची वजनंही हवी होती. तिची अट एकच होती. कोकवरची भट्टी बंद करायची, मोडीत काढायची आणि विजेची बसवायची.

ती बसवायला त्यांचा एक म्हातारा इंजिनियर आला. उंच, किंचित वाकलेला, हाताच्या पाठीवर जुन्या भाजल्याचे डाग असलेला. ते डाग बघून मामा खूश झाले. "ह्यो आपल्यातला हाय," म्हणाले. दुभाषी म्हणून मला उभं केलं, कारण इतरांपेक्षा माझं इंग्रजी जरा बरं होतं. साहेबाचीही ती मायबोली नव्हती. आम्ही दोघं पुस्तकातली वाक्यं जोडून बोलायचो.

मामांनी त्याला पहिला प्रश्न कुठला विचारला हे सांगायला नको. साहेब मनापासून हसला. घरात नळानं गॅस येतो म्हणाला. मग स्वतःहून बोलू लागला. तो वडिलांसारखाच एका फौंड्रीत वाढला होता. गावाच्या मधोमध ती होती. पुढं धुराचे नियम कडक झाले, ती चालवणं परवडेना आणि बंद पडली. आता तिथं बाग आहे, नातवंडं खेळतात.

मी हे मराठीत सांगितलं. मामांनी विचारलं, "आन् तिथं ओतायचे ते माल आता कुठं ओतत्यात?"

साहेबानं दोन्ही हात पसरून आमच्या शेडकडं दाखवलं. "इथं."

विजेची भट्टी सुरू झाली आणि मामांचा सदरा संध्याकाळी पांढराच्या पांढरा राहू लागला. कुंपणावरच्या पट्ट्या पांढऱ्या. द्राक्षबागवाला पेटीभर द्राक्षं देऊन गेला. मालकांनी पेढे वाटले. मालक वाईट नव्हते, त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. एकटे मामा नळापाशी तो स्वच्छ सदरा धरून उभे राहायचे, नको तितका वेळ.

"झालं ना मामा मनासारखं?" मी म्हणाले.

"वीज कुठनं येती?"

"कोयनेची," शेजारून कोणीतरी बोललं. सगळ्यांना तसंच वाटायचं. धरण आमच्या उशाला, तेव्हा दिवा लागला की तो कोयनेचाच.

पुढच्या सुटीला मामा एसटीनं पाटणला गेले. वीजघर बघायला. अर्थात आत कोणी सोडलं नाही. फाटकावरनं परत पाठवलं. ते पाटणच्या स्टँडवर चहा पीत बसले आणि शेजारी बसलेल्या माणसाला सवयीप्रमाणं विचारलं, घरात काय जाळता. तो निघाला वीजघरातला वायरमन. सोमवारी मामांनी त्याचं सगळं बोलणं मला जसंच्या तसं सांगितलं. कोयनेचं पाणी बेतानं सोडतात. संध्याकाळी घराघरात दिवे लागतात तेव्हा जोरात, एरवी कमी. दिवसभर कारखाने चालतात ते मुख्यतः मराठवाड्यात, विदर्भात जळणाऱ्या कोळशावर. "आपली भट्टी चालती दिवसा," मामा म्हणाले. "आन् पयल्याच्या तिप्पट माल काढती."

मी त्यांना सांगितलं, की तरीही एका भागामागं बघितलं तर आधीपेक्षा कमीच जळत असेल. त्यांनी मान हलवली. ते त्यांना पटलं होतं. "एकामागं कमी. पण एक कुठं करतोय आपण?"

यातलं कितपत बरोबर, हे हिशेबानं सांगण्याइतकी माहिती तेव्हा माझ्यापाशी नव्हती. पण त्या कारखान्यात असा प्रश्न विचारणारा माणूस एकच होता आणि तो चौथीपर्यंत शिकलेला होता.

जुनी भट्टी मोडली नव्हती. सुटी करून दोन ट्रकांतून ती इस्लामपूरच्या अलीकडं, उसाच्या फडांमागं, मालकांच्या मेहुण्याच्या शेडमध्ये नेली आणि पुन्हा उभी केली. नाजूक भाग आमच्याकडं विजेवर ओतले जायचे आणि वजनं तिकडं कोकवर. वजनांना काय, बीड कसंही चालतं. ती रंगवून आमच्या आवारात यायची आणि आमच्याच मालाबरोबर परदेशी जायची. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मालक मला एकदा म्हणाले होते, "वडिलांनी पेटवलेली भट्टी आहे. मोडायला हात होत नाही." ते खोटं नव्हतं. पण तेवढंच खरंही नव्हतं.

वर्षानं तो म्हातारा इंजिनियर तपासणीला आला. अहवालात एक ओळ होती की जुनी भट्टी मोडीत काढण्यात आली आहे. खाली दोघांच्या सह्या हव्या होत्या, भट्टीच्या मिस्त्रीची आणि केमिस्टची. मी सही केली. वाचून केली. मामांनी कागद बघितला, मला वाचून दाखवायला लावला आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले.

साहेबानं मला विचारलं, हे सही का करत नाहीत?

मालक माझ्या उजव्या हाताला उभे होते. मामा बोलायला लागले. एरवी तोलून बोलणारा माणूस, पण त्या दिवशी थांबेना. भट्टी मोडली न्हाई, ती तासाभराच्या वाटंवर जळतीया. तिथले गडी नवखे हायती, तिला कसंही खाऊ घालत्यात, तिथला धूर आमच्या येळच्या दुप्पट हाय. तुमच्या गाडीच्या मागं जे वजन बसतं ते तिच्यातनं निघतं. तुमी इथली कापडं पांढरी बघून जाऊ नका. माझ्यासंगं चला, मी दावतो. आन् न दिसणारं बी लय हाय, ते ह्या बाईला इचारा, तिला ठावं हाय. बोलता बोलता त्यांनी हात लांब करून इस्लामपूरचा रस्ता दाखवला.

ते थांबले. सगळे माझ्याकडं बघू लागले. मला वडिलांचा खाली आलेला आवाज ऐकू आला.

मी इंग्रजीत म्हणाले, "ते म्हणतात, जुनी भट्टी फार चांगली होती. त्यांना तिची आठवण येते."

साहेबाचा चेहरा मऊ झाला. त्यानं मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जरासा दाबला. मालकांनी सुस्कारा सोडला. मामांनी आधी खांद्यावरचा हात बघितला, मग मला. मग ते आपल्या भट्टीकडं वळले. अहवाल माझ्या एकटीच्या सहीनं गेला.

महिन्याभरात मामांनी नोकरी सोडली आणि इस्लामपूरच्या त्या शेडमध्ये जुन्या भट्टीवर कामाला लागले. कारखान्यात सगळे म्हणाले, म्हातारा हट्टी, त्याला धुराशिवाय करमत नाही. मीही तसंच मानून घेतलं. तसं मानणं मला सोयीचं होतं. पण साहेबाचा मऊ झालेला चेहरा डोळ्यांपुढून हलेना. पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी मी इस्लामपूरची एसटी पकडली.

शेड लांबून दिसलं, पण धूर दिसेना. मला वाटलं, भट्टी बंद आहे. जवळ गेले तर ब्लोअरचा आवाज येत होता. मामा काच डोळ्याला लावून उभे होते. मला बघून त्यांनी हातानं थांबवलं. मी बाहेर कोकच्या पोत्यावर बसले. तासाभरानं "आलं" ऐकू आलं.

"धूर कमी केलात," मी म्हणाले.

"ह्या गड्यांनी तिला कधी उपाशी ठेवली, कधी अजीर्ण केलं. आता शिकल्यात. निम्म्याच्या आसपास कोक वाचतो." मग भट्टीकडं बघत, "मोडणार नसतील तर निदान नीट तरी जाळावी."

म्हणजे धुराच्या ओढीनं नव्हे, त्यासाठी ते आले होते. सदरा पांढरा राहत होता ती जागा सोडून.

मी म्हणाले, "मामा, त्या दिवशी मी साहेबाला तुमचं बोलणं सांगितलं नाही. भलतंच सांगितलं."

"ठावं हाय."

"तुम्हाला इंग्रजी कळलं?"

"मी एवढं लांबलचक बोललो आन् तू दोन घासात उरकलंस. त्याला काय इंग्रजी लागतं व्हय?"

मला रडू आलं. ते उसाकडं बघत राहिले. मी विचारलं, "मग तिथंच का नाही बोललात? का नाही मला सगळ्यांसमोर खोटं पाडलंत?"

"तुझी नोकरी गेली असती. माझी गेली तर मी मेंढरं राखीन. तू काय राखणार हायस, पोरी?"

मी म्हणाले, आता लिहिते. साहेबाचा पत्ता आहे माझ्याकडं. सगळं लिहिते, माझी सही खोटी होती हेही.

आत आठ माणसं साचे भरत होती, त्यांच्याकडं त्यांनी बघितलं. "लिही. पण ह्यांचं बी लिही. भट्टी बंद करा म्हणताना हे आठजण कुठं जातील त्ये इचार त्याला." त्या दुपारी पोत्यावर बसून ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. प्रत्येक वाक्य इंग्रजीत उतरवल्यावर ते मला मराठीत परत वाचायला लावायचे. एका ठिकाणी मी "काही कामगार" लिहिलं होतं. त्यांनी आठ नावं घालायला लावली.

पत्र गेल्यावर दोन महिने काहीच झालं नाही. मग एकदम झालं. परदेशी कंपनीची तार आली, इस्लामपूरच्या शेडचं काम थांबवा. मालकांनी मला बोलावलं. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "तुम्हाला काढत नाही. काढलं तर ते विचारतील, का काढलं." त्यानंतर तिथल्या माझ्या राहिलेल्या वर्षांत मालक माझ्याशी कामापलीकडं एक शब्द बोलले नाहीत.

शेड बंद झालं. या वेळी भट्टी खरोखर तोडली, गॅसच्या ज्योतीनं कापून, भंगाराच्या गाडीत भरून. मामांनी मला निरोप पाठवला की शेवटच्या दिवशी ये. मी गेले. आठही जण ओळीनं बसले होते. मामा म्हणाले, "पत्र हिनं लिवलं, मी लिवायला लावलं. आमच्या तोंडनं कळावं म्हणून बोलावलंय." एक मध्यमवयाचा माणूस, साचे भरण्यात पटाईत, त्यानं शांतपणे विचारलं, "आवं, पण आमी काय वाईट करत हुतो?" मामा त्याच्याजवळ जाऊन जमिनीवर बसले.

परदेशी कंपनीनं आमच्या मालकांना लिहिलं असावं, कारण आठांपैकी पाचजणांना कुपवाडला घेतलं. मामांनाही परत बोलावलं. त्यांनी आपल्या जागी उरलेल्या तिघांतल्या एकाला घ्या म्हणून सांगितलं, आणि त्याला घेतलंही. दोघे तसेच राहिले. एक मुंबईला गेला, दुसऱ्याचं मला शेवटपर्यंत कळलं नाही. मामा माणमध्ये गावी परतले. भावाच्या मेंढरांत स्वतःच्या दहाबारा मेंढ्या घातल्या.

त्याच हिवाळ्यात साहेबाचं पत्र आलं, माझ्या घरच्या पत्त्यावर. पुढच्या रविवारी मी ते घेऊन माणला गेले. मामा माळावर होते. अंगावर घोंगडी, केस अगदी पांढरे झालेले. मेंढरं थोडी दूर चरत होती. मी पत्र उघडलं आणि एकेक वाक्य मराठीत सांगत गेले.

त्यानं लिहिलं होतं: त्या दिवशी म्हाताऱ्या मिस्त्रीचा हात रस्त्याकडं लांब झालेला मी पाहिला होता. इतका वेळ कोणी नुसत्या आठवणीबद्दल बोलत नाही, हेही मला समजलं होतं. मी म्हणू शकलो असतो, चला, दाखवा. पण अहवाल पुरा झाला होता, आणि तो पुरा झालेलाच माझ्या कंपनीला हवा होता, मलाही. या मुलीवर राग धरू नका, असं माझ्याकडून मिस्त्रींना सांग. तू एकदा खोटं सांगितलंस आणि मी ते खुशीनं घेतलं. मी यंदा निवृत्त होतो आहे. आमच्या गावातल्या बागेत गेलो की मला आता तुमचं शेड दिसतं.

मामांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. मध्ये एकदा उठून चुकलेल्या मेंढीला हाळी घातली, परत येऊन बसले आणि म्हणाले, "वाच."

"संपलं मामा."

"खरं लिवलंय गड्यानं." आणि मग, "आन् ती वजनं? गाड्या तर अजून बनवत असतील. वजनं आता कुठं ओतत्यात?"

मी पत्र पुन्हा पहिल्यापासून बघितलं. मागची बाजू बघितली. ते कुठंच नव्हतं.

"ते लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

"मग इचार त्याला."

पर्समध्ये आंतरदेशीय पत्रं होती, पण ती परदेशी चालत नाहीत. मी वहीचा कागद फाडला, मांडीवर धरला आणि त्यांच्या देखत तेवढं एकच वाक्य लिहिलं. लिहून झाल्यावर मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं, मान डोलावली, आणि काठी टेकत मेंढरांकडं निघाले.